एकशे त्रेचाळीसावी ओळ

काय-संबंध सरांना मूर्ख माणसं आवडत नसत, आणि त्यांच्या मते आयुष्यात त्यांना दुसऱ्या प्रकारची माणसं फारशी भेटलीच नव्हती. नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. समोरचा काहीही बोलला की सरांचा प्रश्न ठरलेला, "याचा त्याच्याशी काय संबंध?" शिपाईमामा म्हणाले, "सर, पाऊस आत येतोय, खिडकी लावू का?" तर सर म्हणणार, "पाऊस येतोय हे एक वाक्य, खिडकी लावावी हे दुसरं. मधली पायरी कुठाय?" मामांना मधली पायरी सापडेपर्यंत टेबलावरचे कागद भिजून जात, आणि त्याचाही ठपका मामांच्या तर्कावर येई.

हा नुसता स्वभाव असता तर लोकांनी काणाडोळा केला असता. पण सरांचं पोटच त्यावर चालत होतं. विद्यापीठाच्या तर्कशास्त्र विभागात ते बत्तीस वर्षं शिकवत होते आणि त्यांचं शास्त्र होतं संबंधाचं. नेहमीच्या तर्कशास्त्रात एक जुनी लबाडी आहे. 'दार उघडं आहे' आणि 'दार उघडं नाही' ही दोन्ही वाक्यं कुणी एकदम मान्य केली, की त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं. समजा सिद्ध करायचंय की माझी सासू चंद्रावर राहते. दार उघडं आहे हे मान्यच आहे. म्हणजे 'दार उघडं आहे किंवा सासू चंद्रावर राहते' हेही खरंच झालं. पण दार उघडं नाही, हेही आपण मान्य केलंय. मग उरलं काय? सासू चंद्रावर. मोठेमोठे विद्वान हे ऐकून मान डोलावतात आणि पुढच्या पानावर जातात. सरांना याची किळस यायची. दाराचा आणि सासूचा काय संबंध?

म्हणून सरांच्या पंथानं शेवटची पायरीच काढून टाकली होती. 'हे किंवा ते, हे नाही, म्हणून ते' असा नियम मुळी वापरायचाच नाही. भाजीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळं जग हा नियम दिवसातून पन्नास वेळा वापरतं. चष्मा खिशात नाही, म्हणजे टेबलावर असणार, असं म्हणून जो चष्मा सापडतो तो याच नियमानं. सर त्याला 'सासूचा नियम' म्हणत आणि कुणी तो वापरताना सापडला की त्याची सालटी काढत. त्यांच्याच पंथातले परगावचे काही लोक हा नियम आपल्या शास्त्रात निषिद्ध ठरवत, पण त्या शास्त्राबद्दल काही सिद्ध करायची वेळ आली की गुपचूप तोच वापरत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अशा लोकांची पत्रं सर उत्तर न देता टोपलीत टाकत.

सरांचा स्वतःचा एक सिद्धांत होता आणि त्यावर त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. एका कोपऱ्यात विसंगती असली तरी ती घरभर पसरत नाही, दाराची भानगड दारापाशीच राहते, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. आणि तेही सासूच्या नियमाला आतून-बाहेरून, कुठेही हात न लावता. पुरावा दोनशे अकरा ओळींचा. तो एकदा भिंतीवर गेला, की सर निवृत्त व्हायला मोकळे होते.

भिंतीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. विभागात दर गुरुवारी दोन वाजता अकरा नंबरच्या खोलीत बैठक भरे. कुणीतरी आपला पुरावा फळ्यावर ओळीओळीनं लिहायचा. प्रत्येक ओळीसमोर ती कुठल्या ओळींवरून आली आणि कुठल्या नियमानं आली, ते मांडायचं. ऐकणाऱ्याला एखादी ओळ पटली नाही की त्यानं बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा वाजवायचं, टकटक. मग ओळीचा क्रमांक सांगायचा. लिहिणाऱ्याला तिचं समर्थन करता आलं तर पुढे, नाही आलं तर खडू खाली. आणि शेवटपर्यंत एकही टकटक झाली नाही, तर शेवटच्या पानावर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि तो कागद चौकटीत घालून बाहेरच्या लांब भिंतीवर लावायचा. चाळीस वर्षांत अशा अकरा चौकटी लागल्या होत्या. त्यात सरांची एकही नव्हती.

जगवाले सरांची होती. पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी. म्हणजे तहान लागली की काय-संबंध सरांना ती पाहावीच लागे.

जगवाले सर म्हणजे शेजारच्या खोलीतले, शक्य आणि अनिवार्य या दोन शब्दांवर पोट भरणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं, एखादी गोष्ट शक्य आहे म्हणजे ती कुठल्यातरी जगात घडतेच, आणि अनिवार्य आहे म्हणजे सगळ्या जगांत घडते. बरं, ही जगं नुसती कल्पनेतली म्हणावीत, तर तसंही नाही. हा माणूस ती सगळी खरीच मानायचा, आपल्या या जगाइतकी खरी. बस चुकली तरी हसत असे. दुसऱ्या कुठल्यातरी जगात आपण ती पकडलीच आहे, मग रडायचं कशाला? खिशात कायम बिस्किटांचा पुडा, शर्टावर कायम चुरा. "ज्याला या एका जगात धड काही जमत नाही," सर म्हणायचे, "तो दुसरी जगं काढतो." आणि असल्या माणसाची चौकट भिंतीवर होती!

याहून मोठा अपमान घरातून झाला होता. सरांच्या एकुलत्या एक लेकीनं पीएचडी केली ती जगवाल्यांकडे. केली ती केली, वर त्याच विभागात लागली, आणि बापाच्या समोरच्या खोलीत बसून दुनियाभरच्या जगांची मोजदाद करू लागली. ती वेगळी राहायची, पण दर रविवारी आईबापांकडे जेवायला यायची. पानावर बसल्या बसल्या सर विचारायचे, "काय, या आठवड्यात किती जगं झाली?" ती म्हणायची, "एकच, बाबा. त्यातही जागा कमी पडतेय." आणि आईकडे ताट सरकवायची. ही मुलगी हुशार आहे हे सरांना ठाऊक होतं. हुशारी असून तिनं ती उकिरड्यावर टाकली, म्हणून तर त्यांचा संताप होता.

निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि बैठकीचा एकच गुरुवार रिकामा होता. तो सरांनी धरला. सबंध पुराव्याचा मसुदा दोन वर्षांपूर्वीच सगळ्यांना वाटून झाला होता. कुणी काही बोललं नव्हतं. बोलणार काय, कपाळ! बुधवारी सकाळी सर आपल्या खोलीत पुरावा सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला बसले. डावीकडे क्रमांक, मधे ओळ, उजवीकडे कुठून आली त्या ओळींचे आकडे आणि नियमाचं नाव.

एकशे त्रेचाळीसाव्या ओळीपाशी त्यांचा हात थांबला. उजवीकडे आकडे होते: एकशे अडतीस, एकशे एक्केचाळीस. नियमाचं नाव नव्हतं. सरांनी जुनी वही काढली. तिथेही जागा रिकामी. त्याआधीची वही काढली; रिकामी. सव्वीस वर्षं त्यांनी ती जागा रिकामीच ठेवली होती, कारण ओळ इतकी उघड होती की तिला नाव द्यायची गरजच वाटली नव्हती. एकशे अडतीस म्हणत होती, हे सूत्र मान्य वाक्यांच्या यादीत आहे किंवा त्याचा नकार यादीत आहे. एकशे एक्केचाळीस म्हणत होती, त्याचा नकार यादीत नाही. आणि एकशे त्रेचाळीस म्हणत होती, म्हणजे सूत्र यादीत आहे.

हे किंवा ते. ते नाही. म्हणून हे.

सासूचा नियम! आयुष्यभर दारातून हाकलली ती बया माजघरात पाय पसरून बसली होती, आणि बसली होती तेही सव्वीस वर्षांपासून.

दुपारपर्यंत त्यांनी पाच वाटांनी ती ओळ पुन्हा सिद्ध करून पाहिली. दोन वाटा एकशे चाळीसच्या आसपास मेल्या, दोन सुरूच झाल्या नाहीत. पाचवी मोठ्या दिमाखात निघाली आणि चार पानांनंतर पुन्हा त्याच नियमापाशी येऊन बसली. ती ओळ काढली तर पुढच्या अडुसष्ट ओळी कोसळत होत्या. त्यांना टेकू द्यायला दुसरं काहीही नव्हतं.

ते घरी जेवायला गेले. त्यांची बायको दातांची डॉक्टर, दवाखाना घराच्या खालच्या मजल्यावर. दोन रोग्यांच्या मधे वर येऊन ती भराभरा जेवत होती. सरांनी भात कालवत विचारलं, "एखादी चूक कुणालाच दिसत नसेल, तर तिला चूक म्हणायचं का?"

"कुणाची चूक?"

"कुणाचीही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"कीड दिसत नाही तेव्हाच दात भरून घ्यायचा असतो," ती म्हणाली. "दिसायला लागली की उपटावा लागतो. दही वाढू?"

"दाताचा काय संबंध?" सर म्हणाले. ती हात धुवायला उठली. तेहेतीस वर्षांच्या संसारात तिनं या प्रश्नाला उत्तर देणं कधीच सोडून दिलं होतं.

आता इथे कुणालाही वाटेल की माणसानं सरळ बैठक रद्द करावी. चूक सापडली, बाबांनो, चहा प्या आणि घरी जा. पण सर तसे असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. संध्याकाळी फिरायला गेले असताना त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. ही ओळ पकडणार कोण? जगवाले? त्यांचं अर्धं लक्ष दुसऱ्या जगात आणि अर्धं बिस्किटात. कंसवाले? हे गृहस्थ फळ्यावरचे उघडणारे आणि मिटणारे कंस मोजतात. दोन्हीकडे सारखे भरले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि ते नवं जोडपं, दोघांना मिळून दीड पगारावर घेतलेलं, ज्याला मुलं जोडाक्षर म्हणतात? ती दोघं एकमेकांकडे पाहिल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. राहिली लेक. तिला दिसू शकेल. पण तिचं शास्त्र तिकडचं. सासूचा नियम तिथे रोज चहासोबत चालतो; तिला त्यात वावगं काय वाटणार? ज्याला आपला आजार होतच नाही, त्याला आपली पथ्यं काय कळणार?

थोडक्यात, सगळे मूर्ख आहेत या एका समजुतीवर सरांनी आपलं आयुष्य काढलं होतं, आणि आता पहिल्यांदाच त्या समजुतीचा काही उपयोग होणार होता. त्यांना जरा बरंच वाटलं. माणूस इतका खाली उतरतो तेव्हा त्याला पायऱ्या मोजायचं भान राहत नाही.

गुरुवारी दोन वाजता अकरा नंबरच्या खोलीत पाचही जण वेळेवर हजर होते. शिपाईमामांनी तिन्ही फळे पुसून ठेवले होते. कोपऱ्यात भिंतीला टेकवून रिकामी चौकट, काच, खिळे आणि हातोडी. ही तयारी पाहून सरांना बरं वाटलं आणि लगेच रागही आला, कारण पुरावा व्हायच्या आधीच चौकट आणायची रीत नव्हती.

त्यांनी लिहायला सुरुवात केली. अक्षर त्यांचं सुरेख होतं, ते मान्य करायला हवं. पहिल्या चाळीस ओळी त्यांनी पाऊण तासात उतरवल्या. एकही टकटक नाही. सत्तर. नव्वद. एकशे दहाला चहा झाला. कंसवाले चहा पिता पिता फळ्याकडे बघून ओठांनी मोजत होते. मधल्या वेळात जोडाक्षर दोनदा एकमेकांकडे पाहून गप्प बसलं. लेक वहीत काहीतरी लिहीत होती.

या खोलीत सर स्वतः ऐकायला बसत, तेव्हा काय होत असे ते सगळ्यांना आठवत होतं. एका मुलीच्या प्रबंधाच्या वेळी सरांनी एका दुपारी बावीस वेळा टकटक केली होती. त्यातल्या एकोणीस ओळींचं तिनं समर्थन केलं. विसाव्या वेळी तिच्या नियमाच्या रकान्यात 'उघड' असं लिहिलेलं सापडलं. "उघड?" सर म्हणाले होते. "उघड हा नियम नव्हे, आळस आहे. घरी जाऊन स्वयंपाक करा, तिथे पुष्कळ गोष्टी उघड्या असतात." पुढच्या दोन टकटकींना तिनं उत्तरच दिलं नाही. ती आता विमा विकते आणि ऐकिवात आहे की मजेत आहे.

एकशे अडतीस. एकशे एक्केचाळीस. खडूचा नवा तुकडा घेऊन सरांनी एकशे त्रेचाळीसावी ओळ लिहिली. नियमाच्या जागी काहीतरी लिहायला हवंच होतं. बाकीचा रकाना गच्च भरलेला असताना तेवढीच जागा रिकामी डोळ्यांत खुपली असती. सरांनी लिहिलं, 'उघड'.

आणि पाठ तशीच ठेवून ते थांबले.

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी सायकलचं स्टँड लावलं. टकटक झाली नाही.

जिंकलो, असं वाटायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण सरांच्या मनात आधी आला तो तिरस्कार. बत्तीस वर्षं ही माणसं सोबत बसली, आणि 'उघड' हा शब्द हातभर मोठ्या अक्षरात समोर असूनही एकाचं बोट हललं नाही! अशा लोकांच्या सह्या घेऊन भिंतीवर चढायचं? त्यापेक्षा गाढवांचे ठसे घेतलेले काय वाईट?

पण मग त्या तिरस्कारात एक बारीक खडा लागला. उघड. तो शब्द तरी कंसवाल्यांना दिसायला हवा होता. शब्द म्हणजे काही कंस नव्हे, पण फळ्यावरचं इतर सगळं आकड्यांत असताना एवढाच एक शब्द! सरांनी सहा ओळी बरोबर लिहिल्या. आणि एकशे पन्नासाव्या ओळीला त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी आदल्या दिवशी ठरवलेली नव्हती. खरी ओळ बाजूला ठेवून त्यांनी मुद्दाम चुकीची ओळ लिहिली. चुकीची म्हणजे किती, तर पहिल्या सहामाहीतल्या पोरालाही हसू यावं इतकी. एक गोष्ट आहे, एवढंच आधी आलं होतं. त्यावरून सरांनी लिहिलं की ती अनिवार्य आहे. म्हणजे आज ऊन पडलंय, म्हणून ऊन पडणं सगळ्या जगांत अनिवार्य, अशातला प्रकार. ही चूक खास जगवाल्यांच्या अंगणातली. याच चुकीसाठी जगवाल्यांनी एकदा बाहेरून आलेल्या नामांकित पाहुण्याचं भाषण तिसऱ्या मिनिटाला थांबवलं होतं.

या वेळी सर वळले आणि तोंडं पाहू लागले.

जगवाल्यांनी फळ्याकडे पाहिलं. त्यांचा बिस्किटाचा हात अर्ध्यावर थांबला. ओठ उघडले, मूठ वळली, टेबलावर आलीसुद्धा. मग त्यांनी सरांच्या लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान हलवली, अगदी थोडी, नाही अशी. जगवाल्यांची मूठ सैल झाली आणि त्यांनी बिस्कीट खाऊन टाकलं.

सर पुन्हा फळ्याकडे वळले. एक तर ही सगळी मूर्ख आहेत, किंवा यांनी आपल्याला सोडून दिलंय. मूर्ख तर नाहीत. आत्ताच डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे सोडून दिलंय. बत्तीस वर्षं ज्या नियमावर ते थुंकले, तोच नियम या वेळी एका क्षणात, एकही पायरी न चुकता, त्यांना नेमक्या ठिकाणी घेऊन आला. त्यात खोट काढायला सरांना जागा सापडली नाही. त्यांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच वाटत असल्यामुळे त्यांना ती ओळखायलाही थोडा वेळ लागला.

उरलेल्या ओळी त्यांनी कशा लिहिल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. साडेपाचला दोनशे अकरावी ओळ झाली. जगवाल्यांनी शेवटचं पान पुढे ओढलं आणि पेनचं टोपण काढलं. "अभिनंदन हं," ते म्हणाले. "सही कुठे, इथे खालीच ना?" त्यांनी सही केली. कंसवाल्यांनी केली. जोडाक्षरानं एकापाठोपाठ एक केली. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देताना माणसं असतात तशी ती सगळी समजूतदार आणि घाईत होती. कागद लेकीपुढे आला.

"थांबा," सर म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. मग नेहमीचा तिरकस सूर पकडायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "सह्या करायची फार घाई झालीय सगळ्यांना. यात एक ओळ चुकीची आहे. जागे आहात की नाही ते बघत होतो मी. सांगेल का कुणी कुठली ते?"

लेकीनं पेन खाली ठेवलं.

"कुठली म्हणताय, बाबा?" ती म्हणाली. "एकशे त्रेचाळीस की एकशे पन्नास?"

मामा दाराबाहेर सरकले.

"तुला कधी कळलं?" सरांनी विचारलं.

"पहिल्या मसुद्यात. दोन वर्षं झाली. मी पेन्सिलनं गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, बोलू या म्हणून. तुम्ही खोडरबरानं पुसून मसुदा मला परत दिलात. म्हणालात, जगवाल्यांच्या रेघोट्यांनी पान घाण होतं."

सरांना ते पुसल्याचं आठवत होतं. काय पुसलं ते त्यांनी वाचलंच नव्हतं.

"आणि बाकीच्यांना?"

"कंसवाल्या सरांना माझ्याही आधी दिसलं होतं," ती म्हणाली. कंसवाले टेबलाची कड न्याहाळू लागले.

"मग टकटक का केली नाहीत?"

उत्तर जगवाल्यांनी दिलं, तेही मवाळपणे, चुरा झटकत. "जाऊ द्या हो. तीनच आठवडे राहिलेत. कशाला आता?"

शिवी दिली असती तर सरांनी परतवली असती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तूही याचसाठी गप्प बसलीस?"

"नाही. मला रविवारी घरी यायचं असतं," ती म्हणाली. "आईला भेटायचं असतं. तुम्हालापण. पण आता तुम्हीच विचारलंत म्हणून सांगते. दोन्ही चुकीच्या आहेत. एक तुम्ही मुद्दाम लिहिलीत. दुसरीचं तुम्ही सांगा."

हीच ती वेळ होती. खडू खाली ठेवायचा, एवढंच. कुणी टाळ्या पिटल्या नसत्या, पण या खोलीत कितीतरी जणांनी ते केलं होतं, त्या विमा विकणाऱ्या पोरीनंसुद्धा. लेक बापाकडे बघत होती. लहानपणी तो गणित तपासून देताना बघायची, तशी.

सरांनी डस्टर उचललं. एकशे पन्नासावी ओळ पुसली, तिच्या जागी मुळातली बरोबर ओळ लिहिली, नियमाचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली. मग ते दोन पावलं डावीकडे सरकले आणि एकशे त्रेचाळीससमोर उभे राहिले. डस्टर हातात होतं. किती वेळ गेला, पंखा किती वेळा फिरला, देव जाणे. 'उघड' या शब्दाच्या शेवटच्या अक्षराला खडूची थोडी भुकटी लागली होती. सरांनी ती बोटानं नीट झटकली.

"हं," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."

लेकीनं कागद ओढला, सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "आईला सांगा, या रविवारी जमणार नाही." आणि वही घेऊन निघून गेली. बाकीचे तिच्या मागोमाग, खुर्च्यांचा आवाज होणार नाही अशा बेतानं.

मामांनी चौकट बाहेर नेली. पाण्याच्या नळापलीकडे जागा मोकळी होती, जगवाल्यांच्या शेजारीच. ते स्टुलावर चढले, खिळा भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "इथं ठोकू, सर?"

"जरा वर," सर म्हणाले.

मामांनी हात वर केला.

"अजून."

"अजून?" मामा स्टुलावर टाचा उंचावून उभे राहिले. "सर, इतक्या वर लावलं तर कुणाला वाचता यायचं नाही."

"असू दे," सर म्हणाले. "ठोका तिथेच."